सोनेगांवची मध्यरात्र

विमानतळाच्या आठवणी सांगा, असें मला सुचविण्यांत आलें तेव्हां प्रथम थोडें हंसूं आलें. मी मूलचा राहणारा. मूल हें पूर्वीच्या चांदा, म्हणजे आतांच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील भाताचें आणि जंगलाचें गांव. पश्चिमेस ताडोबाचें अरण्य, पूर्वेस वैनगंगेचें पात्र, आणि नदीपलीकडे गडचिरोलीचीं वनें. आमच्या गांवास बैलगाड्यांचा अड्डा होता, मोटारींचा थांबा होता, ‘मूल मारोडा’ अशा जोडनांवाचें रेल्वेचें स्टेशनहि होतें व आहे. विमानाचा तळ मात्र कधीं नव्हता. तेव्हां मीं बोलावें तें कशाविषयीं? पण विचार करतां करतां ध्यानांत आलें कीं, माझ्या लहानपणाची जी एक रात्र मला सर्वांत स्पष्ट आठवते ती एका विमानतळावरच गेलेली आहे. आणि त्या तळाचा इतिहास असा आहे कीं, तो सांगतांना माझी ती क्षुल्लक आठवण मध्यें डोकावली तरी श्रोते मला क्षमा करतील.

तो विमानतळ नागपूरचा, सोनेगांवचा. आज त्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ म्हणतात. हें नांव त्यास २००५ सालीं मिळालें. परंतु आमच्या तोंडीं अजून ‘सोनेगांव’च बसलेलें आहे. पहिल्या महायुद्धाच्या शेवटीं, १९१७-१८ च्या सुमारास, इंग्रजांच्या हवाई दलाकरितां ही जागा तयार करण्यांत आली. दुसऱ्या महायुद्धांत तिची डागडुजी होऊन लांबच्या मजलेवर निघालेल्या लष्करी विमानांना ती वाटेंतील धर्मशाळेप्रमाणें उपयोगी पडूं लागली. युद्ध संपलें, फौजा गेल्या, आणि माळरानावर कांहीं बराकी, एक धांवपट्टी आणि वाऱ्याची दिशा दाखविणारें तें कापडी नळकांडें एवढाच पसारा मागें राहिला. अशा जागेला पुढें चोवीस वर्षें साऱ्या हिंदुस्थानचें मध्यरात्रीचें टपाल-कार्यालय होण्याचें भाग्य लाभेल, असें त्या वेळीं कोणाच्या स्वप्नांतहि आलें नसेल.

पण ही हकीकत नागपुरापासून सुरू होत नाहीं. तिचा आरंभ कराचीस होतो.

१५ ऑक्टोबर १९३२ ह्या दिवशीं सकाळीं जहांगीर रतनजी दादाभाई टाटा हे अठ्ठावीस वर्षांचे गृहस्थ एका इंजिनाच्या, लहानशा ‘पुस मॉथ’ विमानांत टपालाची पिशवी घेऊन कराचीहून एकटेच निघाले. विलायतेचें टपाल ‘इम्पीरियल एअरवेज’चीं विमानें कराचीपर्यंत आणून टाकीत, तेथून पुढें तें आगगाडीनें रखडत येई. तो रखडा तोडावयाचा, हा टाटांचा आणि त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिंट्सेंट यांचा बेत होता. हिंदुस्थानांत दिलेला पहिला वैमानिक परवाना १९२९ च्या फेब्रुवारींत टाटांनींच मिळविला होता. त्यांच्या विमानांत बिनतारी यंत्र नव्हतें. जमिनीवरून वाट दाखविणारें कोणतेंहि साधन नव्हतें. खालीं रूळ दिसले, नदी दिसली, समुद्राचा कांठ दिसला, कीं त्यावरून आपण कोठें आहों हें ओळखावयाचें. अहमदाबादेस ते उतरले तेव्हां त्यांच्या स्वागतास आली ती एक बैलगाडी. तिच्यांत चार-चार गॅलनचे पेट्रोलचे डबे रचलेले होते. ते एकामागून एक विमानांत ओतले, आणि विमान पुढें निघालें. दुपारीं तें मुंबईस, जुहूच्या मैदानावर पोहोंचलें. तेथें व्हिंट्सेंट दुसरें विमान सज्ज ठेवून वाटच पाहत होते. त्यांनीं मद्रासचें टपाल उचललें आणि बेल्लारीच्या वाटेनें ते निघून गेले.

ती बैलगाडी मला फार आवडते. विमान आणि बैल यांच्यांत कोणी पुढें आणि कोणी मागें, असें आपण समजतों. पण त्या दिवशीं बैलांनीं पाय उचलला नसता तर विमानाला पंख हालवितां आला नसता. टाटा पुढें फार मोठे झाले, अजस्र विमानांचे धनी झाले, तरी त्या पहिल्या दिवसांविषयीं बोलतांना ते रंगून जात. १९६२ सालीं, तीस वर्षें झालीं म्हणून, त्यांनीं तोच कराची-मुंबई प्रवास तशाच एका जुन्या लहान विमानांतून पुन्हां एकट्यानें केला; आणि १९८२ सालीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, तिसऱ्यांदां केला. आठवण सांगण्याचे पुष्कळ प्रकार असतात. त्यांतला हा सर्वांत अवघड म्हटला पाहिजे.

त्यांच्या आठवणींतील दुसरी एक जागा पुण्याची आहे. जुहूचें मैदान पावसाळ्यांत पाण्याखालीं जाई. मग दोन विमानें, तीन वैमानिक आणि तीन यांत्रिक असा तो सारा संसार पाठीवर घेऊन मंडळी पुण्यास येत, आणि येरवड्याच्या तुरुंगाच्या सावलींत एका मैदानावर उतरण्याची त्यांना परवानगी मिळे. ज्या तुरुंगांत २४ सप्टेंबर १९३२ रोजीं पुणें करारावर सह्या झाल्या, त्याच्याच भिंतीबाहेर पुढील पावसाळ्यांत टपालाचीं विमानें चिखल उडवीत उतरूं लागलीं. पावसाळ्यांतला सह्याद्रि, खिंडींत कोंदलेले ढग, आणि कापडी अंगाचीं तीं इवलीं विमानें. तरीहि टपाल वेळेवर पोहोंचे, आणि सरकारी अहवालानें त्याबद्दल त्यांची वाखाणणी केली. १९३३ ह्या वर्षीं तीं विमानें एक लाख साठ हजार मैल हिंडलीं आणि सुमारें पावणेअकरा टन टपाल त्यांनीं वाहिलें.

मात्र हें सारें उजेडांतलें काम. दिवस मावळला कीं विमान भुईवर आलेंच पाहिजे, हा नियम. रात्रीं आगगाडी धांवे, बोट चाले, टांगा चाले; विमान तेवढें झोपीं जाई. त्यामुळें विमानानें दिवसां जो वेळ वांचविला तो रात्रीच्या मुक्कामांत खर्ची पडे. टपाल खरोखर जलद न्यावयाचें तर अंधारांतच उडावयास पाहिजे, हें जगांत सर्वत्र लौकरच उमगलें होतें. अमेरिकेंत १९२१ च्या फेब्रुवारींत प्रथम रात्रीची टपालफेरी करण्यांत आली, तेव्हां जॅक नाइट नांवाच्या वैमानिकानें नेब्रास्का प्रांतांतून शिकागोपर्यंतचा मार्ग बर्फाळ रात्रीं कापला. ओमाहापुढची वाट त्यानें पूर्वीं कधीं पाहिलेली नव्हती. वाटेंतल्या गांवच्या पोस्टमास्तरांनीं आणि शेतकऱ्यांनीं शेतांत होळ्या पेटवून ठेवल्या होत्या. त्या पाहत पाहत तो गेला. आयोवा सिटीस तर, आजचें विमान येत नाहीं असें समजून सारी मंडळी घरीं गेली होती. राहिला होता एकटा रखवालदार. त्यानें इंजिनाचा आवाज ऐकून हातांत लाल मशाल पेटविली, आणि विमान उतरलें. त्या रखवालदाराला झोप लागली असती तर हवाई टपालाच्या इतिहासाचें एक पान निराळें लिहावें लागलें असतें.

आतां नागपूर. स्वातंत्र्यानंतर दळणवळणाचें खातें रफी अहमद किडवाई यांच्याकडे होतें. महायुद्ध संपल्यावर अमेरिकन लष्करानें मागें टाकलेलीं डाकोटा विमानें स्वस्तांत विकलीं गेलीं होतीं, आणि तीं घेऊन कितीतरी नव्या हवाई कंपन्या देशांत निघाल्या होत्या. इतक्या कीं त्यांना पुरेसें काम नव्हतें. किडवाईंच्या मनांत आलें कीं, हीं विमानें रात्रीं रिकामीं उभीं राहतात तीं टपालाला लावावींत. योजना दिसावयास अगदीं साधी. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारहि शहरांतून रोज रात्रीं एकेक विमान निघावें. चौघांनीं मध्यरात्रीनंतर नागपुरास एकत्र यावें. प्रत्येकानें इतर तिघांचीं पोतीं उतरवावींत, आपलीं घ्यावींत, आणि आल्या वाटेनें परत जाऊन पहाटेस आपापलें घर गांठावें. चार शहरें एकमेकांशीं थेट जोडावयाचीं तर सहा मार्ग लागतात. मध्यें एक गांठ मारली तर चारांत काम भागतें. आणि ती गांठ मारावयास नागपुरासारखी जागा दुसरी कोणती? शून्य मैलाचा दगड ज्या शहरांत उभा आहे, त्याची ही मध्यवर्ती जागा प्रथमच कोणाच्या तरी रोजच्या उपयोगीं पडली, असें म्हटलें तरी चालेल.

३० जानेवारी १९४९ रोजीं ही सेवा सुरू झाली. गंमत अशी कीं, नागपूरचें आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजीं सुरू झालें. म्हणजे अवघ्या सहासात महिन्यांच्या अंतरानें या शहराला वाणी आणि पत्र दोन्हीं आकाशांतून येऊं लागलीं. पाठोपाठ १ एप्रिल १९४९ पासून, जादा तिकीट न लावलेलें साधें पत्रसुद्धां शक्य तेथें विमानानेंच न्यावें, असा निर्णय झाला. विमानाचें टपाल म्हणजे श्रीमंत पेढ्यांची चैन, ही समजूत त्या दिवसापासून मोडली. गिरणींतल्या मजुराचें पत्र आणि शेटजींची हुंडी एकाच पोत्यांत पडूं लागली. मला स्वतःला या योजनेंतलें हें अंग सर्वांत थोर वाटतें.

परंतु या योजनेस उघड विरोध झाला, आणि तो करणाऱ्यांत खुद्द टाटा होते. ज्यांनीं देशाला हवाई टपाल दिलें त्यांनींच हवाई टपालास विरोध करावा, हें चमत्कारिक दिसतें खरें. पण त्यांचें म्हणणें हलकें नव्हतें. रात्रीं उतरावयास जीं साधनें लागतात तीं आपल्या तळांवर पुरेशीं नाहींत. वाटेंत संकट आलें तर आसरा घ्यावयास उजळलेल्या धांवपट्ट्या नाहींत. आणि ह्या व्यवहारांत तोटा आहे, तो कोणी सोसावयाचा? यांतली शेवटची भीति लौकरच खरी ठरली. ज्या ‘इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्स’नें ही सेवा सुरू केली ती कांहीं महिन्यांतच बंद पडली. त्याच वर्षीं ‘हिमालयन एव्हिएशन’नें ती पुन्हां हातीं घेतली. सर्वच कंपन्यांची आर्थिक ओढाताण इतकी वाढली कीं, १९५० सालीं मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी-समिति नेमावी लागली. आणि अखेर १ ऑगस्ट १९५३ रोजीं साऱ्या देशी हवाई कंपन्या एकत्र करून सरकारनें ‘इंडियन एअरलाइन्स’ महामंडळ निर्माण केलें. त्या दिवसापासून सोनेगांवची मध्यरात्र सरकारी झाली.

ह्या वादांत खरें कोणाचें? मला विचाराल तर दोघांचेंहि. टाटा वैमानिक होते. अंधारांत विमान भुईला टेकविणाऱ्या माणसाच्या छातींत काय होत असतें तें त्यांना ठाऊक होतें. किडवाई टपालमंत्री होते. चिठ्ठीची वाट पाहत ओट्यावर बसलेल्या माणसाच्या छातींत काय होतें तें त्यांना ठाऊक होतें. आणि टाटांची पहिली भीतिहि निराधार ठरली नाहीं. १२ डिसेंबर १९५३ रोजीं नागपूरच्या तळावरून उड्डाण करतांच टपालाचें विमान कोसळलें. आंत चौदा माणसें होतीं. त्यांतला वैमानिक तेवढा वांचला. आपलें पत्र एक दिवस आधीं पोहोंचावें म्हणून आपण दोन पैसे अधिक देतों कीं नाहीं यावर वाद घालतों. त्या पत्राची ही दुसरी किंमत आपल्या हिशेबांत सहसा येत नाहीं.

आतां माझी रात्र. साल १९६० असावें. चैत्र महिना होता. मी दहा वर्षांचा होतों. मामा नागपुरास नोकरीस होते, त्यांच्याकडे मी सुटींत गेलों होतों. मामांना विमानांचें वेड. एके रात्रीं त्यांनीं मला सायकलीच्या दांडीवर बसविलें आणि वर्धा रस्त्यानें, शहराचे दिवे मागें टाकीत, सोनेगांवास नेलें. रात्रीच्या टपालसेवेबरोबर उतारूंचीहि ये-जा वाढल्यामुळें तेथील जुन्या बराकींत फराळाची खोली, विश्रांतीच्या खोल्या, पुस्तकांचें दुकान आणि प्रेक्षकांकरितां एक सज्जा, असें सारें कांहीं थाटण्यांत आलें होतें. बाहेर मिट्ट काळोख आणि आंत जत्रेसारखी वर्दळ. मध्यरात्रीं जागें असलेलें गांव मीं तोंवर पाहिलें नव्हतें. आमच्याकडे त्या वेळीं जागे असत ते रखवालदार, अस्वलें, आणि चैत्रांत मोहवेंचे.

एकामागून एक विमानें आलीं. आधीं आकाशांत एक तारा हालतांना दिसे. मग तो तारा नव्हे असें कळे. मग गुरगुर ऐकूं येई, आणि मग एकदम प्रचंड आवाज करीत तें धूड धांवपट्टीवरून आमच्या समोर येऊन थांबे. तीं दोन इंजिनांचीं होतीं कीं चारांचीं हें मला आतां आठवत नाहीं. मीं इंजिनें मोजलींच नाहींत. मी पाहत होतों तीं पोतीं. खाकी कपड्यांतलीं माणसें तीं पोतीं खांद्यावर घेत, ढकलगाडींत टाकीत, एका विमानाकडून दुसऱ्याकडे धांवत. कोणी ओरडत नव्हतें. प्रत्येकाला आपला कोपरा ठाऊक होता. झोपेनें डोळे चुरचुरणारे उतारू विमान बदलीत होते. दिल्लीचा माणूस मद्रासच्या विमानाकडे निघाला होता आणि कलकत्त्याची एक बाई कडेवरचें मूल सांवरीत मुंबईच्या विमानाची चौकशी करीत होती. चहाचे पेले खणखणत होते. जेमतेम तास-दीड तासाचा तो बाजार.

फराळाच्या खोलींत आमच्या शेजारच्या मेजावर एक वैमानिक चहा पीत बसला होता. पांढरा सदरा, खांद्यावर पट्ट्या. मामांनीं धीर करून त्याच्याशीं हिंदींत बोलणें काढलें. तो मद्रासच्या वाटेवरचा होता. कुठला रे तूं, असें त्यानें मला विचारलें. मीं सांगितलें, मूलचा. त्याला अर्थातच कळलें नाहीं. चांद्याच्या पुढें, असें मामांनीं सांगितलें, तेव्हां त्याचे डोळे चमकले. चांदा त्याला माहीत होता. पाहिलेला मात्र नव्हता. नागपुराहून मद्रासकडे सरळ रेघ ओढली तर ती चांद्याच्या जवळजवळ माथ्यावरून जाते. निघाल्यापासून अर्ध्या-पाऊण तासानें तो तेथें असे. मग तो म्हणाला (त्याचे शब्द मला नीट आठवत नाहींत, पण आशय पक्का आठवतो) कीं, नागपूरचे दिवे संपले कीं त्या बाजूला खालीं इतका काळोख असतो, कीं आपण समुद्रावरून जात आहों असें वाटतें. वर्षाचे दहा महिने तो काळोख तसाच. पण ह्या दिवसांत, होळीच्या मागेंपुढें, त्यांत डावीकडे लहान लहान लाल ठिपके दिसतात. दूरवर पसरलेले, हालत नाहींत, वाढत नाहींत. वणवा म्हणावा तर तो रांगेनें पसरतो. गांवचे दिवे म्हणावे तर इतक्या उशिरां ते कोण लावणार? दोन-तीन वर्षें तो ते ठिपके पाहत आला होता आणि त्यांचा उलगडा त्याला कोणी केला नव्हता.

मला उत्तर ठाऊक होतें. आयुष्यांत कोणा मोठ्या माणसाला ठाऊक नसलेलें उत्तर मला ठाऊक असण्याची ती पहिलीच वेळ. मोहाखालचा पाला जाळतात, असें मीं सांगितलें. मोहाचीं फुलें रात्रीं गळूं लागतात. खालीं वाळलेला पाचोळा असला तर तीं त्यांत हरवतात, म्हणून झाडाखालची जागा जाळून स्वच्छ करतात. माणसें उजाडण्यापूर्वींच टोपल्या घेऊन झाडाखालीं जातात. कधीं रात्रींच जाऊन राहतात, कारण मोहावर अस्वलाचाहि डोळा असतो आणि विस्तव असला कीं तें जवळ येत नाहीं. मामांनीं माझ्या मोडक्या बोलण्याचें हिंदी केलें. तो वैमानिक थोडा वेळ गप्प राहिला. मग, म्हणजे ते लोक त्या वेळीं जागे असतात तर, एवढेंच तो बोलला. खालीं त्या वेळीं कोणीच जागें नसतें, असें त्याला वाटत आलें होतें. त्यानें माझ्या हातावर एक चॉकोलेट ठेवलें, टोपी उचलली आणि तो अंधारांत निघून गेला. त्याचें नांव विचारावयाचें आम्हांस सुचलें नाहीं.

एक शोकाची रात्रहि या तळाच्या इतिहासांत आहे, आणि ती सांगितल्यावांचून मला पुढें जातां येत नाहीं. ११ ऑक्टोबर १९५६ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर दिल्लीहून विमानानें नागपुरास आले. १४ तारखेस लाखोंच्या समुदायासह त्यांनीं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि दिली. १६ तारखेस चांद्यास दुसरा दीक्षा-समारंभ झाला. नागपुराहून ते मोटारीनें चांद्यास गेले, आणि वाटेंत आमच्या मूलच्या विश्रामगृहांत थोडा वेळ थांबले, असें आमच्या गांवचे लोक आजहि अभिमानानें सांगतात. त्यानंतर दोन महिनेहि झाले नाहींत तोंच, ६ डिसेंबर रोजीं दिल्लीस त्यांचें महापरिनिर्वाण झालें. त्यांचें पार्थिव विमानानें मुंबईस नेण्यांत आलें. त्या रात्रीं तें विमान वाटेंत नागपुरास थांबलें. ज्या तळावर आठ आठवड्यांपूर्वीं ते चालत उतरले होते त्याच तळावर, डिसेंबरच्या थंडींत, माणसें अंत्यदर्शनास जमली होती. मीं तें पाहिलेलें नाहीं. माझें वय सहा वर्षांचें. पण आमच्या भागांतलीं, तें दुःख घरांत भोगलेलीं माणसें मीं पुढें पाहिलीं, आणि त्या रात्रीविषयीं बोलतांना तीं आवाज खालीं आणीत हें मला ठाऊक आहे. आज त्या तळाला जें नांव आहे तें अशा रीतीनें त्याच्या मातीशीं आधींच जोडलें गेलें होतें.

सोनेगांवची ती रोजची मध्यरात्र १९७३ च्या ऑक्टोबरांत संपली. मोठीं व वेगवान विमानें आलीं, दिवसाच्या फेऱ्या वाढल्या, आणि चार विमानांनीं अर्ध्या रात्रीं एकमेकांस भेटण्याची गरज उरली नाहीं. योगायोग पाहा, त्याच १९७३ सालीं, एप्रिल महिन्यांत, अमेरिकेंत मेम्फिस येथें एका नव्या कंपनीनें पार्सलें वाहण्याचा धंदा सुरू केला. देशभरच्या शहरांतून रात्रीं विमानें निघावयाचीं, सर्वांनीं मध्यरात्रीं मेम्फिसला यावयाचें, पार्सलें बदलावयाचीं आणि पहाटेपूर्वीं परतावयाचें! ती फेडरल एक्सप्रेस कंपनी पुढें जगांत नांवाजली, आणि तिच्या युक्तीचें कौतुक शास्त्राच्या पुस्तकांतून होऊं लागलें. आमच्याकडे तीच युक्ति चोवीस वर्षें चालून बंद पडली होती. नागपुरास मालवाहतुकीचें मध्यवर्ती ठाणें करावें अशी भाषणें पुढें अनेक वेळां ऐकूं आलीं; त्या भाषणांत जुन्या टपालविमानांचा उल्लेख क्वचितच असे, याचें मला नवल वाटतें.

आम्हां मूलकरांना या सेवेचा लाभ किती झाला? मुंबईचें पत्र आम्ही झोपेंत असतांना सातशें किलोमीटर उडून नागपुरास येई. तेथून मूल दीडशें किलोमीटरांच्या आसपास. पण तें अंतर कापावयाचें म्हणजे अरुंद रुळांची गाडी, नागभीडची अदलाबदल आणि स्टेशनांमागून स्टेशनें. पावसाळ्यांत नाले चढले तर सडकेची वाट आणखीच बेभरंवशाची. पत्रानें आकाशांत जें कमावलें तें जमिनीवर पुष्कळसें गमावलें जाई. तरीहि एकंदरींत तें पूर्वींपेक्षां लौकर येई, आणि पाकिटावर मुंबईचा शिक्का पाहून तारीख मोजण्याचा नाद आमच्या घरांत सर्वांना लागला होता.

सुटी संपवून मी मूलला परत आलों तेव्हां मोहाचा हंगाम सरत आला होता. आमच्या दारीं दरवर्षीं मोह विकावयास एक वृद्ध गोंड बाई येत असे. आई तिला ओसरीवर बसवून पाणी देई, मग मापाची घासाघीस होई. मी तिला ती सारी हकीकत सांगितली: विमान, वैमानिक, आणि रात्रीं वरून दिसणारे तिचे विस्तव. तिनें ती दोनदां सांगावयास लावली. विमान म्हणजे काय हें तिला समजावून सांगावें लागलें नाहीं. रात्रीं आकाशांतून कांहींतरी गुरगुरत जातें, तें तिनें जंगलांत कैक वेळां ऐकलें होतें. वाट चुकला तर तो खालीं येईल का, असें तिनें मला विचारलें. मीं म्हटलें, येईलहि कदाचित्. त्यावर टोपली डोक्यावर ठेवीत ती म्हणाली, “आला त जेवून जाजो म्हणा.”